चिपचा आराखडा आणि मोकळे अवजार

चिपचा आराखडा करायला महागडा परवाना हवाच, असे जालन्यातले विद्यार्थी मला सांगतात. मी त्यांना ‘मॅजिक’ दाखवतो. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात १९८०च्या दशकात घडलेले हे सॉफ्टवेअर उबुंटू लिनक्सवर ‘अ‍ॅप्ट इन्स्टॉल मॅजिक’ या आज्ञेने विनामूल्य बसते. सर्किट-रचनेसाठी मुंबई आयआयटीच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचे ‘ई-सिम’ही असेच खुले आहे.

‘मॅजिक’ काढताना मात्र आज्ञांतला फरक ध्यानात घ्यावा. ‘रिमूव्ह’ सॉफ्टवेअर काढते, पण प्रणालीतील त्याच्या सेटिंगच्या फायली ठेवते. ‘पर्ज’ त्याही पुसते. ‘ऑटोरिमूव्ह’ सोबत आलेली, आता कशालाच न लागणारी पॅकेजेस काढते. तुमच्या होम फोल्डरमधल्या आराखड्यांना यांतली एकही आज्ञा हात लावत नाही. शिवाय मॅजिकची फाइल साध्या मजकुराची असते. परवाना संपला म्हणून आपलेच काम कुलपात अडकण्याची भीती इथे नाही.