'बाहेरचं' झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

"जादूटोण्याचा कायदा फक्त हिंदूंच्या देवऋषींना लागू होतो," असं मावळात कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत जादूटोण्याविरुद्ध अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, चपला बुडवलेलं पाणी पाजणं हा गुन्हा आहे. करणारा भगत असो, बाबा असो की पास्टर. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. घरातली पूजा, दर्ग्यातली दुआ, चर्चमधली प्रार्थना मात्र कुणाला इजा किंवा आर्थिक नुकसान होत नसेल, तर कायद्याने मोकळी ठेवली आहे.

दुसरा समज असा, की मौलवी जिन उतरवतात, फादर सैतान काढतात, मग दवाखाना कशाला? दोन्ही धर्म अदृश्य शक्ती मानतात, हे खरं. कुराणात जिनांच्या नावाची अख्खी सुरा आहे. पण इस्लाममध्ये जादूटोणा हे मोठं पाप आहे, आणि ताईत बांधावा का, यावर उलेमांतच मतभेद आहेत. कॅथलिक चर्चमध्ये बिशपच्या खास परवानगीशिवाय कुणाही फादरला भूतबाधेचा विधी करता येत नाही. त्याआधी हा आजार तर नाही ना, हे तपासावं लागतं.

चेटूक आफ्रिकेतच चालतं, हेही खरं नाही. उत्तर घानातल्या गाम्बागात चेटकीण ठरवलेल्या बायका आसऱ्याला राहतात. आपल्या सातपुड्यात 'डाकीण' म्हणून बाईला मारहाण होते.

मला खरी काळजी वाटते ती पावसाळ्यातल्या सर्पदंशाची. भातखाचराच्या कडेला घर, अंथरूण जमिनीवर. मण्यार रात्री झोपेत चावते. फारसं दुखत नाही, सूज नाही, कधी दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते. घरचे म्हणतात, "बाहेरचं झालंय." उतारा टाकेपर्यंत श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. मांत्रिकाला 'गुण' येतो, कारण बरेच साप बिनविषारी असतात. असा साप चावलेला माणूस तसाही वाचणारच असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर सरकारी रुग्णालयात प्रतिविष मिळतं. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून गंडेदोरे करणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे, आणि 108 ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते.