बाथरूम छोटी, पण मोकळी!

घर बांधताना हॉल, स्वयंपाकघर, देवघर या सगळ्यांचा विचार होतो आणि उरलेल्या कोपऱ्यात बाथरूम बसते. आमच्याकडेही तेच झालं. चार फूट बाय सहा फूट, वर माळा आणि वीस वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेल्या गडद निळ्या टाइल्स. भरदिवसाही दिवा लावल्याशिवाय आत जाता येत नसे. गेल्या पावसाळ्यात सासूबाई त्याच गुळगुळीत फरशीवर घसरल्या. हाड मोडलं नाही, पण मनगट मुरगळलं. बऱ्या झाल्यावरही त्या म्हणाल्या, "अगं, आत पाय ठेवायचीच भीती वाटते." बचतगटाच्या बैठकीत हे सांगितलं, तर प्रत्येकीकडे असाच एखादा किस्सा निघाला!

मग टाइल्स बदलायच्याच ठरवल्या. दुकानात ह्यांची नजर चकचकीत फरशीवर गेली. मी दुकानदाराला म्हटलं, "तांब्याभर पाणी द्या." नमुन्याच्या टाइलवर पाणी आणि साबण टाकून अनवाणी पाय घासला. पाय सर्रकन सरकला. ह्यांनी मग मुकाट्यानं खरखरीत मॅट फरशीला होकार दिला. चकचकीत टाइल्स भिंतीवर खुशाल लावा, उजेड परावर्तित होतो. पायाखाली मात्र नकोत.

रंग फिकट हवा. आम्ही भिंतीला दुधाळ पांढरा आणि खाली फिकट राखाडी घेतला. अगदी पांढऱ्या फरशीवर मळ लगेच दिसतो. भिंतीच्या मध्यावर फुलांची पट्टी घालायचा मोह टाळला. पट्टीनं भिंतीचे दोन तुकडे होतात आणि खोली ठेंगणी दिसते. टाइल्स थेट माळ्यापर्यंत नेल्या, त्याही उभ्या. आडव्या लावल्या की भिंत रुंद भासते, उभ्या लावल्या की उंच.

भिंतीला 12 बाय 18 इंची टाइल घेतली. टाइल मोठी तितके सांधे कमी, डोळ्याला अडथळा कमी. फरशीला मात्र 12 बाय 12 पुरे. जाळीकडे ढाळ देताना मोठी टाइल नीट बसत नाही, पाणी साचतं. सांध्यांत टाइलच्याच रंगाचं ग्राउट भरा, चौकटी उठून दिसत नाहीत. नुसतं पांढरं सिमेंट काळं पडतं. खाली इपॉक्सी ग्राउट महाग पडलं, पण बोअरच्या पाण्याचे डाग घासून निघतात.

हिशेब आधी करा. आमच्या चार भिंतींची लांबी 20 फूट, उंची 7 फूट, म्हणजे 140 चौरस फूट. दार वजा जाता साधारण 122. तुटफुटीसाठी दहा टक्के धरून 135. एक टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे 90 टाइल्स. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते पाहून घ्या. नंतर आणलेल्या टाइलचा रंग जुळेलच असं नाही. चार टाइल्स माळ्यावर जपून ठेवा.

आणि मैत्रिणींनो, मिस्त्रीनं फरशी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग करून घ्या आणि रात्रभर पाणी साठवून गळती तपासा. आम्ही भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडाही लावला.

बाथरूम आजही चार बाय सहाचीच आहे. पण परवा सासूबाई आतून म्हणाल्या, "दाराशी उभी राहू नकोस गं, मी येते माझी माझी." पैसे तिथेच वसूल झाले!