मुलांच्या करिअरमध्ये आईवडिलांचे काम कोणते?

मुलगा किंवा मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेली, की घरात 'पुढे काय?' हा प्रश्न रोज ताटावर वाढला जातो. त्या प्रश्नाने उत्तर मिळत नाही, दडपण मात्र वाढते. त्यापेक्षा कामाची प्रत्यक्ष ओळख करून द्यावी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमात 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले आहे. ते नुसत्या सहीशिक्क्यावर उरकू देऊ नका. ओळखीतले सीए, प्रयोगशाळा, छापखाना, बँक यांचे नाव जरूर सुचवा. पण फोन मुलानेच करावा, बायोडाटा त्यानेच लिहावा. मुलाखतीला सोबत जाऊन आत बसणारे पालक त्याचे नुकसानच करतात.

कागदपत्रांत मात्र पालकांची खरी गरज असते. अधिवास, उत्पन्न, लागू असल्यास जातवैधता आणि नॉन क्रिमिलेअर यांसाठी जुने महसुली आणि शाळेचे दाखले लागतात, ते घरातल्या मोठ्यांनाच ठाऊक असतात. जातवैधतेला तर महिने लागू शकतात, म्हणून ते काम प्रवेशाच्या किंवा भरतीच्या धावपळीआधीच हाती घ्यावे.

स्पर्धा परीक्षा द्यायची असेल, तर पैसा आणि वर्षे आधीच मोकळेपणाने ठरवा. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गाला सहाच संधी मिळतात आणि पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला बसले तरी एक संधी मोजली जाते. त्यामुळे 'सहज म्हणून बसून बघ' हा सल्ला कृपया देऊ नका.