बोअरची जागा ठरवण्यापूर्वी: रोधकता सर्वेक्षण काय सांगते, काय सांगत नाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी आटतात. कारण जमिनीखाली बेसाल्टचा काळा कातळ आहे. भरीव कातळात पाणी साठत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि मांजऱ्या खडकात राहते. म्हणूनच एका बोअरला पाणी लागते आणि शेजारचा कोरडा जातो.

सर्वेक्षण कसे होते?
एका रेषेत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडून आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या सळया जितक्या लांब नेल्या, तितके खोलवरचे कळते. पाण्याने भरलेल्या मुरमाची रोधकता साधारण 20 ते 40 ओहम-मीटर असते. भरीव कातळाची 70 च्या वर, अनेकदा शेकड्यांत.

फसगत कुठे होते?
यंत्र पाणी मोजत नाही, रोधकता मोजते. चिकणमाती आणि क्षारयुक्त पाणीही कमी आकडा दाखवतात. वालधुनी नदीत कारखान्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे. त्यामुळे तिच्या काठी कमी आकडा आला, तरी पाणी पिकाला चालेलच असे नाही.

उल्हासनगर कॅम्प 2 सारख्या दाट वस्तीत अडचण वेगळी आहे. 60 मीटर खोलीच्या अंदाजासाठी 200 मीटरहून लांब मोकळी रेषा लागते. शिवाय जमिनीतले लोखंडी नळ आणि केबल आकडे बिघडवतात. तिथे आसपासच्या विहिरी-बोअरची माहिती जास्त कामाची. मोकळ्या शेतात मात्र सर्वेक्षण उपयोगी पडते.

तुम्ही काय कराल?
- आधी पाणी असलेल्या जवळच्या विहिरीपाशी मोजणी करून घ्या. तुलना तिच्याशी करा.
- शेतात किमान तीन ठिकाणी मोजणी करा.
- केवळ जागेवर खूण नको. आलेख आणि थरांची अंदाजे खोली लेखी मागा.
- पाणी मुरमातच असेल तर बोअरऐवजी विहिरीचा विचार करा.
- पाणी लागल्यावर क्षार तपासूनच पिकाला द्या.

भूजल अधिनियम, 2009 नुसार 60 मीटर किंवा त्याहून जास्त खोली म्हणजे ‘खोल विहीर’. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात नियम विचारून घ्या. सर्वेक्षणाने पाण्याची हमी मिळत नाही, पण कोरड्या बोअरचा धोका नक्की कमी होतो.