घराच्या कॉलम-बीमला तडा गेलाय? बुजवण्याआधी मोबाईलवर त्याची नोंद ठेवा

पावसाळा जवळ आला की शीळफाटा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. भिंतीला किंवा पार्किंगमधल्या कॉलमला गेलेला तडा, आणि खाली प्रश्न : "हे सिरियस आहे का?" कोणी लिहितं, "प्लास्टर आहे, टेन्शन नका घेऊ." कोणी मिस्त्रीचा नंबर टाकतं. दोन दिवसांत तडा पुट्टीने बुजतो, वर रंग लागतो आणि विषय संपतो.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे एरर मेसेज लपवला म्हणजे बग गेला असं कोणी मानत नाही. आधी लॉग बघायचा, कारण शोधायचं, मग दुरुस्ती. इमारतीचंही तसंच आहे. तडा हा मेसेज आहे. तो का आला हे कळायच्या आत बुजवला, तर इंजिनिअरला लागणारा पुरावाच आपण पुसून टाकतो.

शीळफाट्याला काय झालं होतं?

४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाऊंडमधली इमारत कोसळली. ७४ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. इमारत बेकायदा होती. सात मजले उभे झाले होते, आठव्याचं काम चालू होतं, आणि खाली लोक राहायलाही आले होते.

ही इमारत घाईघाईने उभी राहिली होती. घाई इतकी धोकादायक का? काँक्रीट ओतलं की लगेच ताकद येत नाही. ते पाणी पिऊन हळूहळू घट्ट होतं आणि त्याची ताकद २८ दिवसांच्या हिशोबाने मोजतात. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान सात दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू निदान चौदा दिवस ठेवावे लागतात. हे दिवस वाचवले की कच्च्या मजल्यावर पुढचा मजला चढतो.

पण फक्त बेकायदा किंवा नव्या इमारतीच पडतात असंही नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन इमारत पडली, १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात कॉलमशी छेडछाड झाल्याचा आरोप झाला. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचं काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि सहा जणांचा जीव गेला.

वजन कुठून कुठे जातं?

स्लॅबचं वजन बीमवर, बीमचं कॉलमवर, कॉलमचं जमिनीखालच्या फुटिंगवर आणि फुटिंगचं जमिनीवर. जोत्याच्या पातळीवर कॉलमना एकमेकांशी बांधणारा तो प्लिंथ बीम. मधल्या विटांच्या भिंती बहुतेक इमारतींमध्ये फक्त आडोसा असतात.

म्हणून पहिला प्रश्न : तडा भिंतीला आहे, की कॉलम, बीम, स्लॅबला?

दुसरा प्रश्न जमिनीचा. आपल्या भागात एकीकडे डोंगराचा काळा कातळ आहे, तर दुसरीकडे खाडीकडची मऊ चिखलमाती आणि त्यावर टाकलेला भराव. अर्धी इमारत पक्क्या जागेवर आणि अर्धी भरावावर असेल, तर एक बाजू जास्त खचते. सगळी इमारत सारखी खचली तर त्रास कमी; एक कोपरा जास्त खचला की भिंती फाटायला लागतात. फुटिंगजवळची ड्रेनेज लाईन वर्षानुवर्षं गळत असेल किंवा शेजारच्या प्लॉटवर खोल खोदकाम झालं असेल, तरी हेच होतं.

कोणता तडा काय सांगतो?

* प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या बारीक रेषा : बहुतेक वेळा प्लास्टर सुकताना आकसल्याच्या. घाई नाही.
* भिंत आणि बीम जिथे मिळतात तिथे सरळ रेष : वीट आणि काँक्रीट उन्हात वेगवेगळं प्रसरण पावतात. सहसा गंभीर नसते, पण पाणी आत जाऊ देऊ नका.
* खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा जाणारा, एका टोकाला रुंद तडा : पाया एका बाजूने खचत असल्याची शक्यता. सोबत दारं अडकायला लागली असतील तर जास्तच.
* कॉलमच्या कडेने उभा तडा, तपकिरी डाग, फुगलेलं प्लास्टर : आतली सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो.
* बीमच्या मध्यभागी खालून वर जाणारे तडे : बीम वाकतोय. वजन वाढलंय का ते बघा. लादीवर लादी, गच्चीवर जादा टाकी, नवीन भिंत.
* कॉलमजवळ बीमला तिरका तडा, किंवा कॉलमचं काँक्रीट चिरडून सुटणं : इथे फोटो काढत बसू नका. आधी बाहेर पडा.

कडकड आवाज, तडा डोळ्यांदेखत वाढणं, स्लॅबमधून माती-खडी पडायला लागणं, बंद दार अचानक न उघडणं, यातलं काहीही झालं तर सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा. सामान राहू द्या.

मोबाईल कुठे कामाला येतो?

एक फोटो फार काही सांगत नाही. तडा जुना आणि थांबलेला आहे की वाढतोय, हे कळायला फोटोंची मालिका लागते.

१. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेष मारा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या वेळी तडा रेषेच्या पुढे गेलेला असेल तर तो वाढतोय.

२. तड्याला चिकटून स्टीलची पट्टी धरा आणि समोरून फोटो काढा. तिरक्या फोटोत रुंदी चुकीची दिसते.

३. एक फोटो जवळून, एक लांबून. नुसत्या जवळच्या फोटोवरून तो कुठल्या कॉलमचा हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

४. दर रविवारी त्याच जागेवरून, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. ऋतूप्रमाणे उघडणारे आणि मिटणारे तडे तापमानाचे असू शकतात. एकाच दिशेने वाढत जाणारा तडा ही जास्त काळजीची गोष्ट.

५. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवू नका. फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ड्राईव्हवर फोल्डर करा. फाईलच्या नावात जागा आणि तारीख टाका.

फोनमधल्या लेव्हल अ‍ॅपवर इमारत कलली की नाही हे ठरवू नका. मागचा कॅमेरा वर आलेला असतो, त्यामुळे फोनच सपाट बसत नाही. त्यापेक्षा मिस्त्रीचा ओळंबा आणि पाणी भरलेली लेव्हल ट्यूब जास्त भरवशाची. त्यांचं रीडिंग घ्या आणि त्याचा फोटो ठेवा.

इंजिनिअर काय तपासतो?

स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे फिरून फोटो काढणं नव्हे. नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, यातल्या कोणत्या चाचण्या करणार :

* रिबाउंड हॅमर : काँक्रीटवर ठोका मारून पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. जुन्या काँक्रीटची कातडी कडक झालेली असते, त्यामुळे एकट्या या आकड्यावर विसंबता येत नाही.
* अल्ट्रासॉनिक पल्स : ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते पाहतात. वेग कमी भरला तर काँक्रीट संशयास्पद.
* हाफ-सेल : सळईच्या गंजाचा अंदाज. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली रीडिंग आलं, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.
* फिनॉल्फ्थेलिन : ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हे द्रावण मारतात. गुलाबी झालं तर सळईला क्षाराचं संरक्षण आहे; रंग आला नाही तर ते संपलंय.
* कोअर : काँक्रीटची नळकांडी कापून लॅबमध्ये दाबून बघतात.

पाया खचल्याचा संशय असेल तर एखाद्या फुटिंगजवळ खड्डा घेऊन तेही बघावं लागतं.

दुरुस्ती कशी होते?

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. टेक्साससारख्या ठिकाणी जुनी लाकडी घरं छोट्या खांबांवर आणि बीमवर उभी असतात. घराखाली रांगत जाऊन, जॅक लावून बीम उचलतात आणि खांबावर पाचर बसवतात. ते घर हलकं, एक-दोन मजल्यांचं. आपल्या आरसीसी इमारतीत कॉलम, बीम, स्लॅब एकसंध ओतलेले असतात. इथे तो प्रयोग करायचा विचारही नको.

आपल्याकडचा क्रम साधारण असा :

१. आधी टेकू. वजन दुसरीकडे घेतल्याशिवाय कॉलमला छिन्नी लावायची नाही.

२. पाणी थांबवा. बाथरूमची गळती, ड्रेनेज, गच्ची. हे राहिलं तर बाकीचा खर्च वाया.

३. सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळईचा गंज घासायचा, जास्त झिजलेल्या ठिकाणी नवी सळई जोडायची, गंजरोधक लेप लावायचा.

४. मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट. कॉलम कमजोर असेल तर भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं जॅकेट. हे जॅकेट कुठून सुरू करायचं हे डिझाईन ठरवतं. गरज असेल तिथे ते फुटिंगपासूनच उचलावं लागतं.

५. फुटिंगच मजबूत करायचं असेल तर एका वेळी थोडंच उघडतात, तेही एकाआड एक. सगळी बाजू एकदम खोदली तर इमारतीचा आधारच जातो.

कोणी तपासणी न करता फक्त "वॉटरप्रूफिंग आणि पेंट" चं कोटेशन दिलं, तर यातला कुठला टप्पा त्यात आहे ते विचारा.

"ऑडिट केलं तर घर जाईल ना?"

खरी भीती ही आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून माहिती हवी. महाराष्ट्रात तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्यानुसार स्ट्रक्चरल तपासणी बंधनकारक आहे. धोकादायक इमारतींचे चार वर्ग असतात : सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. चारपैकी तीन वर्गांत दुरुस्तीचा रस्ता आहे. पुट्टी मारून काढलेली वर्षं मात्र इमारतीला पुढच्या वर्गातून सी-१ कडे ढकलतात.

घर रिकामं करायची वेळ आलीच, तर तुमच्या ताब्यातल्या जागेचं क्षेत्रफळ लिहिलेला कागद पालिकेकडून मागा. नवीन घर असेल तर रेरा कायद्यातलं कलम १४ लक्षात ठेवा : ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तारखेसह जपलेले फोटो इथेच उपयोगी पडतात.

नवीन घर घेताना फक्त रेरा नंबर बघून थांबू नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. बांधकाम परवानगीचा कागद थेट पालिकेत पडताळा.

या रविवारी दहा मिनिटं काढा. पार्किंगमध्ये जा, प्रत्येक कॉलमला नंबर द्या, चारही बाजूंनी फोटो काढा आणि फोल्डर सेक्रेटरी काकांना पाठवा. पुढच्या मीटिंगमध्ये "मला वाटतं" ऐवजी "मार्चमध्ये एवढा होता, जूनमध्ये एवढा झाला" असं बोलता आलं, की ऑडिटचा ठराव पास करणं बरंच सोपं जातं.