धुराची भट्टी घेण्यापूर्वी

गेल्या नाताळापूर्वीची गोष्ट. आदिलाबाद शहरापासून काही कोसांवर राहणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ एका सायंकाळी भेटीस आले. त्यांचा मुलगा हैदराबादेस नोकरीला आहे. तेथे नागालँडच्या एका मित्राच्या घरी त्याने धुरावर शिजविलेले डुकराचे मांस खाल्ले, आणि यंदा सणाचे जेवण आपल्या घरी तसेच व्हावे असा त्याने हट्ट धरला. बाजारातील तयार भट्टी महाग; म्हणून वडिलांनी भंगारवाल्याकडून २०० लिटरचे एक लोखंडी पिंप आणून ठेवले होते. "फादर, लोहाराकडून जाळी बसवून घेऊ ना?" असे त्यांनी विचारले. आम्ही उलट एकच प्रश्न केला, "या पिंपात पूर्वी काय होते?" ते गप्प राहिले. पिंपावरील नाव कोणीतरी खरवडून काढले होते.

आमचा जिल्हा कापसाचा, आणि कापूस म्हटला की फवारणी आलीच. कीटकनाशकांची रिकामी भांडी फोडून वस्तीपासून दूर पुरावी, असे १९७१ चे नियम सांगतात. परंतु अशी भांडी भंगाराच्या ढिगात दिसत नाहीत असे कोण म्हणेल? 'एकदा आत जाळ केला की पिंप शुद्ध होते' ही समजूत घातक आहे. सांध्यात मुरलेले विष अशा जाळाने जाईलच याची कोणी हमी देऊ शकत नाही. शिवाय तेलाच्या वा रसायनाच्या बंद पिंपाला गॅसकटर लावताना आतील वाफेचा स्फोट होऊन माणसे दगावलेली आहेत. ज्या पिंपाचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये. त्या गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी ते पिंप परत केले.

तथापि त्यांचा मूळ प्रश्न उरलाच : मग घ्यावे तरी काय? असाच विचार आणखी काही घरी चालू असेल, म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

मांसाला धूर देणे आपणांस अगदीच नवे नाही. वांग्याच्या भरताला निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देणारी गृहिणी तेच करीत असते. गोव्यात चोरिसांच्या माळा उन्हात वाळवीत, आणि कित्येक घरी चुलीवर टांगीत. नागा लोकांच्या स्वयंपाकघरात मांस चुलीवरील मांडणीत आठवडेच्या आठवडे राहते. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या वाळवून 'चान्या' करीत. परंतु या बहुतेक रीती मांस टिकविण्यासाठी निघाल्या. मीठ, ऊन आणि धूर यांचा तो एकत्रित प्रयोग होता, आणि त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता. आज शीतकपाट असलेल्या घराला टिकवणे नको आहे, चव हवी आहे. म्हणून नवशिक्याने थंड धुराच्या वाटेस जाऊ नये. कोमट, ओलसर मांसात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आमच्या उन्हाळ्यात तर तासाभराचीही हयगय महागात पडते. आपणांस हवी आहे ती गरम धुराची भट्टी. तिचे सूत्र एका वाक्यात असे : धूर चव देतो, पण मांस शिजवते ती उष्णता.

म्हणून भट्टी निवडताना तिच्या रंगरूपाकडे पाहू नये; ती १०५ ते १२० अंश सेल्सिअसची उष्णता तासन् तास टिकवू शकेल का, एवढे पाहावे. त्यासाठी पत्रा जाड हवा. आमच्याकडे डिसेंबरात रात्री हुडहुडी भरते. पातळ पत्र्याची भट्टी अशा वेळी पाहता पाहता निवते आणि कोळसा अकारण जळतो. झाकण घट्ट बसावे. खाली हवा आत घेणारी आणि वर धूर सोडणारी, अशा उघडझाप करता येणाऱ्या दोन खिडक्या असाव्यात. उष्णतेचा लगाम तोच. आतील जाळी व विस्तवाची पेटी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची नसावी, कारण प्रखर विस्तवाने जस्ताची धुरी निघते व ती बाधते.

प्रकार मुख्यतः चार. पहिली झाकणाची गोल शेगडी. शिकागोजवळच्या वेबर बंधूंच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली पाण्यावर तरंगणारा खुणेचा धातूचा गोळा मधोमध कापून ती प्रथम बनविली. निखारे एका बाजूस व मांस दुसऱ्या बाजूस ठेवले की चार-सहा माणसांच्या घराचे काम होते. आणि एरवी हीच शेगडी मासे-कोंबडी भाजण्यास उपयोगी पडते. दुसरी उभी भट्टी : खाली विस्तव, मध्ये पाण्याचे पातेले, वर मांस. पाण्यामुळे उष्णता समतोल राहते आणि चरबी विस्तवावर ठिबकत नाही. तिसरी, बाजूला वेगळी विस्तवपेटी असलेली आडवी भट्टी. ती मोठ्या पंगतीस शोभते, पण सतत राखण मागते. चौथी विजेची. ती सोपी खरी, पण वीज गेली की अर्धकच्चे मांस हाती राहते. लहान कुटुंबाने पहिली अथवा दुसरी घ्यावी, असे आमचे मत आहे.

भट्टीइतकेच लाकडालाही महत्त्व आहे. बाभूळ, आंबा, पेरू यांचे पुरते वाळलेले तुकडे घ्यावेत. सुताराकडील रंग वा पॉलिश चढलेले तुकडे आणि प्लायवूड कदापि घालू नये. कण्हेर विषारी आहे. बिबा अंगावर उततो हे आमच्या रानातल्या पोरांनाही माहीत असते. ही झाडे भट्टीजवळही नकोत. दाट पांढरा धूर मांस कडवट करतो. फिकट निळसर, जेमतेम दिसणारा धूर निघू लागला की मगच मांस आत ठेवावे.

आणखी एक वस्तू भट्टीबरोबर अवश्य घ्यावी : मांसात खुपसावयाचा तापमापक. धुरामुळे मांसाचा रंग तांबूस होतो, आणि कच्चे-पिकले डोळ्यांना कळत नाही. कोंबडीच्या मांसाच्या गाभ्यात ७४ अंश, आणि डुकराच्या मांसात किमान ७१ अंश उष्णता पोहोचल्याखेरीज ते ताटात वाढू नये. डुकराच्या मांसातील पट्टकृमीचा उपद्रव आपल्या देशात आहे. त्याची गाठ मेंदूत झाली म्हणजे फेफरे येते. तेथे अंदाजाचा उपयोग नाही. तसेच भट्टी अंगणातच पेटवावी, पडवीत अथवा बंद खोलीत नव्हे. कोळशाचा विषारी वायू वास न देता जीव घेतो.

शेवटी प्रमाणाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारविलेल्या, धुरविलेल्या अशा प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली. म्हणून हे सणासुदीचेच अन्न असावे, रोजचे नव्हे. आणि वर्षातून दोनदाच पेटणार असेल, तर दोन-तीन घरांनी मिळून एकच भट्टी घेण्यास काय हरकत आहे?

आमच्या त्या गृहस्थांनी तेच केले. शेजारच्या घराशी वर्गणी करून झाकणाची शेगडी आणि एक तापमापक घेतला. मुलाला डुकराचा मोठा तुकडा हवा होता. पण तो सात-आठ तास मागतो, म्हणून पहिल्या खेपेस कोंबडीच केली. तापमापकात ७४ चा आकडा दिसेपर्यंत दोन्ही घरची मुले शेगडीभोवती बसून होती. जेवायला उशीर झाला. पण पानावरून कोणी लवकर उठले नाही.