लहान टाकीचा मोठा हिशेब

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

कन्नडमध्ये प्राण्याच्या पिलाला ‘मरी’ म्हणतात. मराठीत मरी म्हणजे साथीचा रोग. आम्हा बेळगावकरांना दोन्ही भाषा येतात, त्यामुळे असे शब्द कानांवर पडले की गंमत वाटते. पण माझ्या पहिल्या काचपेटीत या शब्दाचे दोन्ही अर्थ आठ दिवसांच्या आत खरे झाले, तेव्हा मात्र गंमत वाटली नाही.

झाले असे. गप्पी माशांची एक जोडी मी गोल काचेच्या भांड्यात ठेवली होती. एका सकाळी भांड्यात पापणीच्या केसाएवढी पिले पळताना दिसली. मोजली, तर चौतीस. कॉलेजातून परत येईपर्यंत अकरा उरली होती. बाकीची त्यांच्या जन्मदात्यांनीच गिळली होती. त्या अकरांना वाचवायचे म्हणून मी त्यांना लोणच्याच्या रिकाम्या बरणीत हलवले आणि पोट भरावे म्हणून भरपूर खाद्य टाकले. आठवड्याच्या शेवटी बरणीतले पाणी गढूळ झाले आणि एकही पिलू उरले नाही. बरणी धुताना आई म्हणाली, “सांभाळता येत नाहीत, तर जन्माला कशाला घालतोस?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पिले विकून परीक्षेची फी भरायची, असा माझा बेत होता. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असून मी फक्त जमेची बाजू मांडली होती. खर्चाची बाजू नंतरच्या दीड वर्षात शिकलो. तीच येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट ही, की पैदाशीची टाकी म्हणजे दिवाणखान्यातल्या टाकीची छोटी आवृत्ती नव्हे. दिवाणखान्यातली टाकी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. पैदाशीची टाकी माशाच्या सवयीसाठी असते. म्हणून टाकी घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा मासा पिले देतो की अंडी, आणि अंडी देत असेल तर कोठे? ती अंडी-पिले कोण खाणार? आणि पिलांच्या तोंडात मावेल असे अन्न आपल्यापाशी आहे काय?

आता आकाराकडे वळू. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि हजाराने भागावे; लिटर मिळतात. ३० × २० × २० सेंटिमीटरच्या टाकीत १२ लिटर पाणी मावते, ४५ × २५ × २५ च्या टाकीत सुमारे २८ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणून दुसरी टाकी पुस्तकांच्या फळीवर ठेवू नये. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. त्यामुळे उंच टाकीपेक्षा पसरट टाकी बरी. गोल भांडे गळ्यापर्यंत भरले की पाण्याचा पृष्ठभाग आकसतो. पाणी वाढते आणि श्वास कमी होतो. माझ्या बरणीचेही तेच झाले होते.

लहान टाकीचा दुसरा दोष गणिताने कळतो. ६० × ३० × ३० ची टाकी घ्या. पाणी ५४ लिटर. प्रत्येक बाजू निम्मी करा. पाणी निम्मे होत नाही, आठवा हिस्सा होते, म्हणजे पावणेसात लिटर. पण ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर जाते तो मात्र चौथा हिस्साच होतो. म्हणजे दर लिटरमागे उष्णता जाण्याची वाट दुप्पट. लहान टाकी लवकर थंड होते आणि लवकर तापते. आपल्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधरा अंशांच्या खाली येतो. गप्पी, झेब्रा, फायटर यांच्या पिलांना पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचे पाणी मानवते. त्यामुळे हिवाळ्यात दर लिटरला साधारण एक वॉट या हिशेबाने हीटर लावावा, नाहीतर सरळ फेब्रुवारीची वाट पाहावी. वीज जाते तेव्हा टाकीभोवती जुनी गोधडी गुंडाळण्याचा उपाय मी केला आहे. तो उपयोगी पडतो.

तिसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच निरुपद्रवी असते. हे जीवाणू नव्या टाकीत नसतात. त्यांची वस्ती बसायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून युक्ती अशी : हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर महिनाभर आधी जुन्या, रुळलेल्या टाकीत चालू ठेवावा आणि पैदाशीच्या वेळी उचलून नव्या टाकीत लावावा. नळाच्या पाण्याखाली तो धुऊ नये, क्लोरीनने जीवाणू मरतात. पाणी जोराने ओढणारा फिल्टर पिलांनाही ओढून घेतो. स्पंजाला ती भीती नाही.

आता तीन मासे उदाहरणादाखल घेऊ.

गप्पी अंडी देत नाही, जिवंत पिलेच देते. साधारण चार आठवड्यांनी एक वेत. मादी नराचे वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणून दुकानातून एकटी मादी आणली तरी घरी पिले होतात. हिला १२ लिटरची टाकी चालते. प्लॅस्टिकची भोकाभोकांची परडी टाकीत अर्धी बुडेल अशी टांगावी आणि पोट फुगलेल्या मादीला तिच्यात सोडावे. पिले भोकांतून खाली निसटतात, आईला निसटता येत नाही. परडी मात्र ऐसपैस हवी, अडचणीत मादी घाबरते. वेत झाले की तिला लगेच मूळ टाकीत न्यावे. खालच्या पाण्यात वनस्पती दाट असाव्यात.

झेब्रा हा मूळचा आपल्या देशातल्या ओढ्यांतला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो संशोधनासाठी पाळला जातो. हा अंडी विखरून टाकतो आणि मागे वळून तीच खातो. यासाठी ४५ सेंटिमीटर लांबीची टाकी घ्यावी, तळाशी मुलांच्या खेळण्यातल्या काचेच्या गोट्यांचे दोन थर द्यावेत आणि त्यांच्यावर पाणी दहा-बारा सेंटिमीटरच ठेवावे. उथळ पाण्यात अंडी खाऊन टाकण्याआधीच गोट्यांच्या फटींत उतरतात. नर-मादी संध्याकाळी सोडावीत. उजाडताना अंडी पडतात. त्यानंतर मोठ्या माशांना बाहेर काढावे. दोन-तीन दिवसांत पिले फुटतात.

फायटरचा प्रकार अगदी वेगळा. थायलंडकडचा हा मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो. नर तोंडाने बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीने सोडलेली अंडी वेचून त्यात ठेवतो आणि राखण करतो. इथे आई नव्हे, बाप पिले सांभाळतो. पाणी दहा ते पंधरा सेंटिमीटर, तेही संथ हवे. बुडबुड्यांचे घरटे मोडू नये म्हणून हवेचा पंप बंद ठेवावा. मादीला लपायला नारळाची करवंटी पालथी ठेवावी, कारण नर तिला फार छळतो. अंडी घालून झाली की मादी काढावी. एक-दोन दिवसांत पिले फुटतात; ती घरट्यातून सुटून आडवी पोहू लागली की नरालाही काढावे. वरून काच झाकावी, म्हणजे पृष्ठभागावरची हवा उबदार आणि ओलसर राहते.

जुनी टाकी दुरुस्त करून वापरता येते. आमच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची, लोखंडी अँगलची आणि लांबी भरलेली टाकी होती. ती गळत होती. मी चौकट काढून टाकली आणि काचा सिलिकोनने जोडल्या. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या लांबीचा वा सिलिकोनचा कणही उरला, तर नवे सिलिकोन धरत नाही. आणि बाथरूमसाठी मिळते ते बुरशीनाशक घातलेले सिलिकोन माशांना घातक असते. जोडकामानंतर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे, मग पाणी भरून दोन दिवस अंगणात ठेवून गळती तपासावी. टाकी साबणाने धुऊ नये, मिठाने घासावी. खाली थर्मोकोलचा तुकडा घालावा. नळाचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावे.

राहिला अन्नाचा प्रश्न, आणि बहुतेक जण इथेच बुडतात. गप्पीचे पिलू पहिल्या दिवशीच खाद्याची वस्त्रगाळ पूड खाते. झेब्रा आणि फायटर यांच्या पिलांचे तोंड इतके बारीक असते, की त्यांना पाण्यातले सूक्ष्मजीवच लागतात. एका बरणीत जुन्या टाकीचे पाणी घेऊन कोबीचे उकडलेले पान टाकावे. पाणी आधी दुधासारखे होते, चार-सहा दिवसांनी निवळते. तेव्हा सूक्ष्मजीव तयार असतात. ही बरणी अंडी पडण्याआधी आठवडाभर लावायची असते. आपल्याकडे पाहुणा दारात आल्यावर भात टाकतात. माशांच्या बाबतीत तसे चालत नाही. खाद्य चिमूटभर, पण दिवसातून तीन-चार वेळा घालावे आणि रोज टाकीचा दहावा हिस्सा पाणी बदलावे. पाणी काढताना नळीच्या तोंडाला फडके बांधावे.

या साऱ्या खटपटीनंतर माझ्या गप्पीच्या पुढच्या वेतातील एकतीस पिलांपैकी सत्तावीस महिनाभर जगली. ती घेऊन मी बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार अण्णांनी पिशवी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “मीनु साकोदु सुलभ, मरी साकोदु कष्ट.” मासे पाळणे सोपे, पिले पाळणे कठीण. त्यांनी पैसे दिले. परीक्षेची फी त्यांतून भागली नाही, खाद्याचा खर्च तेवढा निघाला.

उत्साहाच्या भरात मी फायटरची जोडी मागितली. अण्णांनी विचारले, बरण्या किती आहेत? फायटरच्या एका वेळच्या अंड्यांतून शंभरावर पिले निघू शकतात, आणि नर मोठे होऊ लागले की एकमेकांना फाडतात. प्रत्येकाला वेगळे भांडे, रोजचे वेगळे पाणी. माझ्यापाशी सहा बरण्या होत्या. मी जोडी न घेता परत आलो. उरलेली पिले तळ्यात किंवा नदीत सोडून देऊ, असा विचार काही जण करतात. तोही बरा नव्हे. परका मासा तिथल्या लहान माशांच्या तोंडचा घास काढून घेतो, आणि एकदा वाढला की त्याला परत बोलावता येत नाही.

तेव्हा टाकी घ्यायला निघण्यापूर्वी, वाचकहो, अंड्यांचा नव्हे, पिलांचा हिशेब मांडा : किती पिले वाढवता येतील, कोठे आणि कशावर. तो आकडा टाकीचे माप सांगेल. माझ्यापाशी आईच्या प्रश्नाचे आज एवढेच उत्तर आहे. फायटरची जोडी अजून दुकानातच आहे, आणि माझ्या बरण्या आता नऊ झाल्या आहेत.